शून्याचे क्रमगुणित एक का? : एका व्याख्येचा इतिहास

अकरावीच्या गणितात एक लहानसे वाक्य येते : शून्याचे क्रमगुणित एक मानतात. वाक्य जेमतेम अर्ध्या ओळीचे. विद्यार्थी ते पाठ करतो, परीक्षेत वापरतो आणि गुणही मिळवितो. परंतु त्याच्या मनात एक शंका राहून जाते. काहीच नसताना हा एक आला कोठून? एखादा धीट विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी वर्गात तसे विचारते आणि पुष्कळदा उत्तर मिळते, "तसा नियम आहे. लक्षात ठेव." विचारणारा खाली बसतो. पुढच्या वेळी तो विचारीत नाही.

वाचकहो, मी गणिताचा पदवीधर नाही. शाळेत इतिहास शिकवितो. पण इतिहास शिकविणाऱ्याला एक सवय जडते. कोणताही नियम समोर आला की तो कोणी केला, केव्हा केला आणि कशासाठी केला, हे पाहिल्यावाचून त्याचे समाधान होत नाही. राजाच्या फर्मानामागे कारण असते, तसे गणिताच्या व्याख्येमागेही असते. फरक एवढाच की फर्मानाचे कारण दरबारात लपलेले असू शकते. गणिताचे कारण मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्या कोणालाही तपासता येते. या अर्ध्या ओळीच्या वाक्यामागे केवढा मोठा प्रवास आहे, तो बसरा, देवगिरी, मराकेश अशा किती गावांवरून गेला आहे, हे पालकांना आणि विद्यार्थ्यांना सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

क्रमगुणित म्हणजे काय?

प्रथम मूळ गोष्ट समजून घेऊ. एका बाकावर तीन विद्यार्थी बसवायचे आहेत : अहमद, बशीर आणि करीम. किती वेगवेगळ्या रीतींनी ते बसू शकतील? पहिल्या जागेवर तिघांपैकी कोणीही बसेल, म्हणजे तीन रीती. तो बसल्यावर दुसऱ्या जागेसाठी दोघे उरतात. शेवटच्या जागेला एकच. म्हणून ३ × २ × १ = ६. विद्यार्थी चार असते तर ४ × ३ × २ × १ = २४, पाच असते तर १२०. दिलेल्या संख्येपासून एकापर्यंतच्या सर्व संख्यांच्या या गुणाकाराला त्या संख्येचे क्रमगुणित म्हणतात आणि संख्येपुढे उद्गारचिन्ह देऊन ते लिहितात : ३! = ६, ४! = २४, ५! = १२०.

हा आकडा किती झपाट्याने फुगतो याची कल्पना सहसा येत नाही. दहा विद्यार्थ्यांच्या मांडण्या ३६,२८,८०० होतात. दर सेकंदाला एक नवी मांडणी केली, न झोपता, न थांबता, तर सगळ्या संपायला बरोबर ४२ दिवस लागतील. विद्यार्थी फक्त पाचांनी वाढवून पंधरा केले, तर त्याच वेगाने ४१ हजार वर्षांहून अधिक काळ लागेल. म्हणजे एका लहान वर्गाच्या साऱ्या बैठका मनुष्यजातीच्या लिखित इतिहासात मावत नाहीत. ज्या गोष्टी मोजून संपत नाहीत त्या मोजल्यावाचून कशा जाणाव्यात, या गरजेतून क्रमगुणिताचा जन्म झाला.

बसऱ्याचा कोशकार

या हिशेबाचा एक जुना आणि मोठा मनोरंजक वापर गणितज्ञाने नव्हे, तर भाषापंडिताने केलेला आहे. त्याचे नाव खलील इब्न अहमद. इ.स. ७१८ च्या सुमारास जन्मलेला हा विद्वान बसऱ्यास राहिला आणि आठव्या शतकाच्या अखेरीस वारला. अरबी व्याकरणाचा महापंडित सीबवैह हा त्याचा शिष्य. गझलेच्या वृत्तांचे जे शास्त्र उर्दूत 'अरूझ' म्हणून शिकवितात, त्याचा पायाही खलीलनेच घातला.

खलीलने अरबी भाषेचा कोश करावयास घेतला. त्या कोशाचे नाव 'किताब अल्-ऐन'. तो सर्वस्वी त्याच्याच हातून पुरा झाला की शिष्याने पुरा केला, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण योजना त्याची याबद्दल नाहीत. कोशकाराची मोठी चिंता कोणती? एखादा शब्द सुटून जाऊ नये. भेटेल त्याला शब्द विचारीत गेले तर शब्द जमतील, पण सारे जमले याची खात्री कधीच मिळणार नाही. खलीलने वेगळा मार्ग धरला. अरबी शब्दांचा गाभा बहुधा दोन ते पाच व्यंजनांचा असतो. तेव्हा आधी अक्षरांच्या साऱ्या संभाव्य मांडण्या करायच्या आणि मग त्यांतील कोणत्या भाषेत वापरात आहेत, कोणत्या नाहीत, ते पाहायचे. दोन अक्षरांच्या २ मांडण्या, तिहींच्या ६, चारांच्या २४, पाचांच्या १२०. हे आकडे ओळखीचे वाटले ना? हीच क्रमगुणिते.

आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. ऐन, लाम आणि मीम ही तीन अक्षरे. ऐन-लाम-मीम या क्रमाने 'इल्म' हा शब्द होतो आणि त्याच्या कुळातले आलिम, मालूम, तालीम. हीच अक्षरे ऐन-मीम-लाम अशी फिरविली की 'अमल' होतो, म्हणजे कृती. आपल्या मराठीतले अंमल, अंमलबजावणी, मामलेदार हे सारे शब्द याच दुसऱ्या मांडणीतून आलेले आहेत. लाम-मीम-ऐन या क्रमाने चमकण्याचा अर्थ येतो. मांडण्या सहाच. खलील त्या साऱ्या एकाच ठिकाणी घेतो आणि त्यांतील वापरातल्या कोणत्या व पडीक कोणत्या ते सांगतो. ज्ञान आणि कृती ही एकाच तीन अक्षरांची दोन रूपे असावीत, हा योगायोग विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

पुढच्या लेखकांनी खलीलच्या नावावर आणखी एक हिशेब नोंदविला आहे. अरबीची अक्षरे २८. एकही अक्षर पुन्हा न वापरता दोन अक्षरी मांडण्या २८ × २७ = ७५६. तीन अक्षरी १९,६५६. चार अक्षरी ४,९१,४००. पाच अक्षरी १,१७,९३,६००. सर्वांची बेरीज १,२३,०५,४१२. भाषेची ही बाहेरची सीमा झाली. खरी भाषा या कुंपणाच्या आत कोठेतरी आहे, बाहेर नाही, हे त्याला न मोजता कळले.

सह्याद्रीचे गणित, देवगिरीचे सूर

आता आपल्या मुलखात येऊ. भास्कराचार्यांचा जन्म इ.स. १११४ चा. सह्याद्रीजवळच्या विज्जडविड या गावचे आपण, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केल्याची हकीकत त्यात कोरलेली आहे. इ.स. ११५० च्या सुमारास त्यांनी रचलेल्या 'लीलावती'त 'अंकपाश' नावाचे प्रकरण आहे. जितके अंक, तितक्या संख्येपर्यंत एकापासून गुणाकार करीत जावे म्हणजे मांडण्यांची संख्या मिळते, हा नियम तेथे स्पष्ट दिला आहे. उदाहरणेही छान आहेत. २ आणि ८ या अंकांपासून किती संख्या होतील? दोन, २८ आणि ८२. त्यांची बेरीज ११०. दोनपासून नऊपर्यंतच्या आठ अंकांपासून किती? ४०,३२०. शंकराच्या दहा हातांतील दहा आयुधे अदलून बदलून दिली तर मूर्तीचे किती भेद होतील? ३६,२८,८००. विष्णूच्या चार हातांतील चार वस्तूंचे? २४. हिशेब कोरडा राहू नये याची काळजी त्या थोर शिक्षकाने आठशेहून अधिक वर्षांपूर्वी घेतली होती.

येथे एक गोष्ट आपल्या समाजातील मुलांनी जाणून घेतली पाहिजे. याच 'लीलावती'चे फारसी भाषांतर अकबर बादशहाच्या आज्ञेवरून त्याच्या दरबारातील कवी फैजी याने इ.स. १५८७ मध्ये केले. सह्याद्रीच्या परिसरातील संस्कृत गणित अशा रीतीने फारसी वाचणाऱ्यांच्या हाती गेले. विद्येला जात-धर्माची वेस नसते असे आपण भाषणात म्हणतो. हा त्याचा लेखी पुरावा आहे.

भास्कराचार्यांनंतर शंभर वर्षांच्या आतच देवगिरीस, म्हणजे आजच्या दौलताबादेस, यादव राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव हा अधिकारी होता. घराणे मूळचे काश्मीरचे, काम हिशेबाचे आणि नाद संगीताचा. त्याच्या 'संगीतरत्नाकर' या ग्रंथात सात स्वरांच्या साऱ्या मांडण्यांचा, म्हणजे ५,०४० तानांचा, विचार आहे. तो नुसती संख्या सांगून थांबत नाही. अमुक क्रमांकाची तान कोणती, आणि अमुक तान कितव्या क्रमांकाची, हे यादी न करता काढण्याचे कोष्टक तो देतो.

तीन स्वर घेऊन पाहा. त्याच्या क्रमाने ताना अशा येतात : सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. शेवटचा स्वर पाहा. पहिल्या दोन तानांच्या शेवटी ग, पुढच्या दोन्हींच्या शेवटी रे, अखेरच्या दोन्हींच्या शेवटी सा. म्हणजे शेवटचा स्वर दोन-दोनांच्या गटाने बदलतो, कारण उरलेल्या दोन स्वरांच्या मांडण्या दोनच. चार स्वर असते तर तो सहा-सहांच्या गटाने बदलला असता, सात असते तर ७२० च्या गटाने. म्हणून त्या कोष्टकात १, २, ६, २४, १२०, ७२० आणि त्यांच्या पटी भरलेल्या असतात. क्रमांक दिला की गट ओळखायचा, गट ओळखला की स्वर कळतो. तान हरवली तर पुन्हा सापडते. ज्या गावचा किल्ला पाहायला आपल्या शाळांच्या सहली जातात, त्या गावी हे काम झाले, हे सहलीत सहसा कोणी सांगत नाही.

मराकेशचे रेशीम

याच सुमारास दूर पश्चिमेस, मोरोक्कोतील मराकेश शहरी, इब्न मुनइम हा गणितज्ञ होऊन गेला. त्याचा मृत्यू इ.स. १२२८ चा. त्याच्या 'फिक्ह अल्-हिसाब' या ग्रंथात रेशमाचा प्रश्न आहे. दहा रंगांचे रेशीम आहे. त्यांतून गोंडे करायचे. एक रंगाचे किती, दोन रंगांचे किती, तीन रंगांचे किती, असे दहा रंगांपर्यंत. येथे मांडणीला महत्त्व नाही, निवडीला आहे. तांबडा-हिरवा आणि हिरवा-तांबडा हा एकच गोंडा. त्याने बेरजांचे त्रिकोणी कोष्टक करून उत्तरे काढली. तीन रंगांचे गोंडे १२० निघतात. दहाही रंग असलेला गोंडा अर्थातच एक. याच शहरी पुढे इब्न अल्-बन्ना (इ.स. १२५६–१३२१) याने निवडीची संख्या गुणाकार-भागाकाराने काढण्याचा नियम दिला. इ.स. १३२१ च्या सुमारास फ्रान्सच्या दक्षिण भागात लेवी बेन गेर्शोन या यहुदी पंडिताने मांडण्यांच्या नियमाला पायरीपायरीची सिद्धता दिली : एवढ्या वस्तूंची संख्या ठाऊक असेल, तर आणखी एक वस्तू आल्यावर ती किती पट होते ते दाखवायचे, आणि ही पायरी चढत राहायचे. ही पायरी विसरू नका. पुढे तिचे काम आहे.

उद्गारचिन्हाची कथा

इतकी शतके क्रमगुणित होते, पण त्याला खूण नव्हती. फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथील गणितज्ञ क्रिश्चन क्रांप याने इ.स. १८०८ मध्ये संख्येपुढे उद्गारचिन्ह देण्याची पद्धत पाडली. नाव त्याच शहरच्या आर्बोगास्त या गणितज्ञाने सुचविलेले होते. सर्वांना ही खूण आवडली असे नाही. मदुराईस जन्मलेला इंग्रज गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन याने तक्रार केली की, या चिन्हामुळे गणितात आकडे सापडल्याचे लेखकाला आश्चर्यच वाटते आहे असे पान दिसते. इंग्लंडात जॅरेट याने इ.स. १८२७ मध्ये वेगळी खूण काढली होती; संख्येच्या डाव्या बाजूस उभी रेघ आणि खाली आडवी रेघ. हॉल आणि नाइट यांच्या जुन्या बीजगणितात तीच आहे, आणि आपल्याकडच्या कित्येक आजोबांनी तीच गिरविली. पण ती छापायला अवघड. उद्गारचिन्हाचा खिळा मात्र प्रत्येक छापखान्यात होताच. अखेर तेच टिकले.

ही कथा सांगण्याचे कारण असे की गणितातील खुणा आकाशातून पडलेल्या नाहीत. माणसांनी त्या सुचविल्या, त्यांवर वाद घातला, सोयीच्या त्या ठेवल्या. व्याख्यांचेही तसेच आहे, मात्र तेथे सोयीपेक्षा अधिक काही लागते. ते काय, ते आता पाहू.

शून्यापाशी

खलीलची अक्षरे, भास्कराचार्यांचे अंक, शार्ङ्गदेवाचे स्वर, इब्न मुनइमचे रेशीम, या साऱ्या हाती धरण्याजोग्या वस्तू. वस्तू एकही नसेल तर काय, हा प्रश्न सूत्रे लिहिली जाऊ लागल्यावर टाळता येईना. 'संख्येपासून एकापर्यंत गुणाकार' ही आपली पहिली व्याख्या शून्याला लागूच पडत नाही. शून्यापासून उतरत एकापर्यंत जायचे कसे? तेव्हा व्याख्या पुढे वाढवावी लागते. वाढविताना कोणता आकडा घ्यावा? चार वाटांनी जाऊन पाहू.

पहिली वाट जिन्याची. ४! = २४. त्याला ४ ने भागा, ६ येतात, म्हणजे ३!. त्याला ३ ने भागा, २ येतात, म्हणजे २!. त्याला २ ने भागा, १ येतो, म्हणजे १!. आता त्याच चालीने आणखी एक पायरी उतरा : १ ला १ ने भागा. उत्तर १. ही खालची पायरी शून्याची. लेवी बेन गेर्शोनची पायरी चढण्याची होती. आपण तिनेच उतरलो.

दुसरी वाट सूत्रांची. खलीलच्या पाच अक्षरी मांडण्यांचा हिशेब आजच्या खुणेत २८! भागिले २३! असा लिहितात, खालचे २३ म्हणजे न वापरलेली अक्षरे. आता सगळी २८ अक्षरे वापरून मांडण्या करा. सरळ मोजले तर त्या २८! होतात. सूत्राने गेलो तर २८! भागिले ०!, कारण न वापरलेले अक्षर एकही नाही. दोन्ही उत्तरे एकच यायला हवीत, आणि ती ०! = १ असेल तरच येतात. रेशमाचेही तेच. दहापैकी दहा रंगांचा गोंडा एकच, हे मराकेशच्या बाजारातला पोरही सांगेल. सूत्र म्हणते, १०! भागिले (१०! × ०!). तो एक येण्यासाठी ०! हा एकच असावा लागतो.

तिसरी वाट अर्थाची. येथे विद्यार्थी अडतात. ते म्हणतात, "बाकावर कोणीच नाही, मग मांडणीही नाही. उत्तर शून्य हवे." बाकासमोर एक छायाचित्रकार उभा आहे असे समजा. तीन मुलांच्या प्रत्येक निराळ्या बैठकीचे तो एक चित्र काढतो. सहा चित्रे होतात. एका मुलाचे एकच चित्र. आता बाक रिकामा आहे. चित्र निघणार नाही काय? निघेल, रिकाम्या बाकाचे. ते कितीही वेळा काढले तरी तसेच येईल. निराळे चित्र एकच. रिकामा बाक हीसुद्धा बाकाची एक स्थिती आहे. शून्य वस्तू आणि शून्य रीती या दोन भिन्न गोष्टी आहेत.

चौथी वाट हिशेबाची. दुकानदार बेरीज मांडतो तेव्हा अजून एकही रक्कम आली नसेल तर बेरीज शून्य असते, कारण शून्यात काही मिळविले तर ते तसेच राहते. गुणाकाराची सुरुवात मात्र शून्याने करता येत नाही. पुढे कितीही गुणा, शून्यच राहील. गुणाकार एकापासून सुरू होतो. म्हणून ज्यात अजून एकही संख्या आलेली नाही, त्या गुणाकाराची किंमत एक. दोनचा शून्यावा घात एक का, याचेही उत्तर हेच. बाराव्या शतकात बगदादच्या अस्-समौअल याने 'अल्-बाहिर' या बीजगणिताच्या ग्रंथात घातांची एक सारणी दिली आहे. मध्ये एकक, एका बाजूस चढते घात आणि दुसऱ्या बाजूस त्यांचे भागाकार. एककाच्या डोक्यावर शून्य. तेथे एकक बसविला तरच घातांकांच्या बेरजेचा नियम दोन्ही बाजूंना अखंड चालतो.

चार वाटा, चारही एकाच दारापाशी येतात. पाचवी वाट ऑयलरची. इ.स. १७२९ आणि १७३० मध्ये गोल्डबाख याला लिहिलेल्या पत्रांत त्याने पूर्णांकांच्या मधल्या संख्यांनाही लागू पडेल असे क्रमगुणिताचे सूत्र कळविले. त्या सूत्राने अर्ध्याचे क्रमगुणित सुमारे ०.८८६ येते, म्हणजे पायच्या वर्गमुळाच्या निम्मे. अर्ध्या विद्यार्थ्याला बाकावर बसविता येत नाही, तरी ही संख्या गणितात फार उपयोगी पडली. त्या सूत्रात शून्य घातले, तर उत्तर एकच येते.

दुसरा आकडा घेतला तर?

जिज्ञासू विद्यार्थ्याने येथे थांबू नये. विरुद्ध बाजूही तपासावी. समजा आपण हट्टाने ०! = ० धरले. जिन्याचा नियम सांगतो की १! म्हणजे १ गुणिले ०!. मग १! शून्य, २! शून्य, ३! शून्य, सारा जिनाच कोसळला. ०! = ७ धरू. मग १! = ७, २! = १४, ३! = ४२. तीन मुले बेचाळीस रीतींनी बसतील काय? बसवून पाहा. सहाच होतात. ०! ला काहीच अर्थ द्यायचा नाही, असेही ठरविता येईल. त्यात खोटे काही नाही. पण मग प्रत्येक सूत्राच्या शेवटी 'मात्र सर्व वस्तू घेतल्या असल्यास हा नियम लागू नाही' असे शेपूट जोडीत बसावे लागेल.

आणि उणे एकचे क्रमगुणित? तेथेही जिन्यानेच उतरून पाहू. नियमाप्रमाणे ०! म्हणजे ० गुणिले (–१)! असायला हवे. पण ०! तर १ आहे. शून्याने कोणत्याही संख्येला गुणून एक येत नाही. म्हणून तेथे जिना संपतो आणि गणिती ते क्रमगुणित देतच नाहीत. भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' असे नाव देऊन ती अनंत मानली. आजचे अंकगणित त्या भागाकाराला संख्या देत नाही. कोठे पुढे जावे आणि कोठे थांबावे, दोन्ही कारणाने ठरते.

व्याख्या आणि सिद्धता

आता मूळ प्रश्नाचे नेमके उत्तर देता येईल. ०! = १ हे सिद्ध केलेले नाही; ते ठरविलेले आहे. ती व्याख्या आहे. पण 'ठरविले' म्हणजे 'मनाला आले तसे ठरविले' असे नव्हे. व्याख्या चांगली ठरण्यास तीन गोष्टी लागतात. ती आधीच्या सत्याशी विसंगत नसावी. जुने नियम तिने पुढेही चालू ठेवावेत. आणि तिच्यामुळे काम सोपे व्हावे, अपवाद कमी व्हावेत. इंग्लंडातील जॉर्ज पीकॉक याने इ.स. १८३० च्या आपल्या बीजगणितात जुने नियम पुढे अखंड राखण्याचा विचार तत्त्व म्हणून मांडला. समौअलने तेच आपल्या सारणीत प्रत्यक्ष करून दाखविले होते.

व्याख्या बदलतातही. एक ही मूळ संख्या आहे की नाही? इ.स. १९१४ मध्ये लेमर याने प्रसिद्ध केलेल्या मूळ संख्यांच्या मोठ्या यादीत पहिली संख्या १ आहे. आज कोणतेही पाठ्यपुस्तक एकाला मूळ संख्या म्हणत नाही. संख्या बदलली नाही, व्याख्या सुधारली. १२ चे मूळ अवयव २ × २ × ३ असे एकाच प्रकारे पडतात, हा फार मोलाचा नियम. एकाला मूळ संख्या मानले तर त्यात हवे तितके एक घालता येतील आणि नियम मोडेल. म्हणून एकाला बाहेर ठेवले. शून्याचे क्रमगुणित घरात घेतले ते नियम राखण्यासाठी, आणि एकाला मूळ संख्यांच्या घराबाहेर ठेवले तेही नियम राखण्यासाठीच.

पालकांस आणि विद्यार्थ्यांस

पालकहो, आपल्यापैकी पुष्कळांना गणित सोडून बरीच वर्षे झाली असतील, काहींना ते शिकण्याची संधीच मिळाली नसेल. तरी एक गोष्ट आपण करू शकता. मुलगा किंवा मुलगी पाठ करीत बसलेली दिसली की विचारा, "हे असे का?" उत्तर आपल्याला ठाऊक असण्याची गरज नाही. उत्तर तिला द्यावे लागते, यातच तिचा अभ्यास आहे. घरी 'का' विचारण्याची सवय लागलेले मूल वर्गात हात वर करताना कचरत नाही. आणि वर्गात हात वर झाला की शिक्षकालाही तयारी करून यावे लागते. आम्हा शिक्षकांना याची गरज आहे, हे मी शिक्षक म्हणूनच सांगतो.

विद्यार्थी मित्रांनो, खलील, फैजी, इब्न मुनइम, समौअल ही नावे या लेखात आली. ती ऐकून छाती फुगविणे सोपे आहे. ते आपण सभांतून नेहमी करतो. पण ही माणसे पूर्वजांची नावे घेऊन मोठी झाली नाहीत. एकाने बारा कोटींचा नव्हे, सव्वा कोटीच्या घरातील हिशेब अक्षर न् अक्षर लावून केला. दुसऱ्याने परक्या भाषेतील गणित समजून घेऊन आपल्या भाषेत आणले. त्यांचा वारसा सांगायचा असेल तर तो त्यांच्या कामाच्या रीतीने सांगितला पाहिजे. पुस्तकात 'मानतात' हा शब्द आला की तेथे बोट ठेवा. कोण मानतात? का मानतात? न मानले तर काय बिघडते? ०! च्या जागी ७ घालून आपण आता पाहिले, तसेच प्रत्येक व्याख्येत एक चुकीचा आकडा घालून पाहा आणि काय मोडते ते वहीत लिहून काढा. एक संध्याकाळ जाईल. पण ती व्याख्या पुन्हा पाठ करावी लागणार नाही.